न चढता तोडलेला शिरीष

शेंडे हे त्याचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव त्याच्या बायकोला आणि विजेच्या बिलाला तेवढं ठाऊक. बाकी सगळ्या वस्तीने त्याला पस्तीस वर्षांपूर्वीच शेंडे करून टाकलं होतं, कारण झाडावर चढला की हा माणूस शेंड्यापर्यंत गेल्याशिवाय खाली म्हणून यायचा नाही. काम अगदी खालच्या फांदीचं असलं तरी. लोक खालून ओरडायचे, “अहो, फांदी इथे आहे, तुम्ही कुठे निघालात?” आणि तो वरून सांगायचा, “आधी सगळं झाड बघू द्या. फांदी काय पळून जाते का?”

त्याचा धंदा म्हणजे अंगणातली मोठी झाडं सांभाळणं. रोपं लावणारे आणि गवत कापणारे पुष्कळ होते, हा त्यांच्यातला नव्हता. जे झाड घरापेक्षा उंच झालंय, ज्याच्याखाली दोन पिढ्यांनी खुर्च्या टाकल्यात आणि ज्याच्याकडे आता कुणी ढुंकून बघत नाही, ते झाड शेंडेचं. त्या भागात वर्षातले आठ महिने आभाळातून थेंब पडत नाही. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकली तर शर्टातून चटका बसतो. अशा ठिकाणी पश्चिमेला एक मोठं झाड असलं की घर राहण्यासारखं राहतं, नाहीतर भट्टी. एवढं असून लोक त्या झाडाशी जे वागायचे ते बघून शेंडेचं टाळकं फिरायचं. कुणी बुंध्याला चिकटून फरशी बसवलेली. कुणी बुंध्याभोवती हातभर माती चढवून तिच्यावर रंगीत दगड मांडलेले, खाली साल कुजतेय याचा पत्ता नाही. कुणी रोज संध्याकाळी पाइप घेऊन बुंधा धुणार आणि झाडाला पाणी घातलं म्हणून खूश होणार.

“बुंध्याला आंघोळ कसली घालताय?” तो फाटकातूनच सुरू व्हायचा. “ते पाणी पितं तिकडे, सावली संपते तिथे. पंधरा दिवसांनी घाला, पण खोल मुरेपर्यंत घाला. रोजचा शिडकावा तुमच्या समाधानासाठी आहे, झाडाला त्याचा काही उपयोग नाही.”

त्याच्याजवळ एक लोखंडी सळई असायची. ती तो जमिनीत खुपसायचा. ओली माती सळईला आत घेते, कोरडी घेत नाही. सळई वीतभर जाऊन अडली की त्या घरात तो चहासुद्धा घ्यायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर कुणी फांद्या छाटायला बोलावलं तर आल्या पावली परत. लोक म्हणायचे, फार तिरसट आहे बुवा. पण बोलवायचे त्यालाच.

आणि झाड मेलं आहे की नाही हे ठरवायची त्याची एक रीत होती. चाकूने सालीचा नखाएवढा पापुद्रा उचलायचा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तेवढी जागा गेली. फक्त तेवढीच जागा, हे तो दहा वेळा बजावायचा. म्हणून बुंध्याला चारही बाजूंनी, मग मधल्या फांद्यांवर, मग शेंड्याला, असं सगळीकडे चाकू लावून झाल्याशिवाय ‘गेलं’ हा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. पस्तीस वर्षांत त्याने बरीच झाडं पाडायला लावली होती. त्यातलं एकही जिवंत निघालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट घडली, आणि ती कुणाला कळली नाही. कळण्यासारखं काही झालंच नव्हतं. तो एका चिंचेवर चढला होता, रोजच्यासारखा. अर्ध्या उंचीवर गेला आणि त्याच्या हातांनी फांदी सोडायला नकार दिला. पाय घसरला नव्हता, फांदी मोडली नव्हती, चक्कर आली नव्हती. नुसतं खाली बघितलं होतं. अर्धा तास तो जीव मुठीत धरून तिथे बसून राहिला. खाली घरमालक विचारतोय, “काय हो, काय झालं?” आणि हा वरून सांगतोय, “घरटं आहे. पिल्लं आहेत. जरा बघतो.” मग बुडावर घसरत घसरत खाली आला आणि म्हणाला, “पिल्लं उडून जाऊ द्या, मग येतो.”

त्यानंतर वस्तीतल्या झाडांवर घरटी फार वाढली. जिथे तिथे पिल्लं. पिल्लं नसली तर मुंगळे, मुंगळे नसले तर मधमाश्या, आणि काहीच नसलं तर गुडघा. शेंडे जमिनीवरची कामं करू लागला. झाडाभोवती पाण्याची आळी करणं, फरशी उखडायला लावणं, पाण्याचं वेळापत्रक सांगणं, वाकलेल्या फांदीला टेकू देणं. चढायचं काम आलं की करवतवाल्याचं नाव सुचवायचा. करवतवाला म्हणजे मशीनची करवत घेऊन झाडं कापणारा एक तरणाबांड माणूस. त्याला जिवंत-मेलेलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, सांगाल ते कापायचा. एकोणसाठाव्या वर्षी माणूस झाडावर चढत नाही यात लाजण्यासारखं खरं तर काहीही नाही. पण ज्याला लोक शेंडे म्हणतात त्याने ते कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने सांगितलं नाही. तिथेच चुकलं.

सिस्टरच्या अंगणात एक शिरीष होता. सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्सबाई. वय चौऱ्याहत्तर, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, घर एकटीचं. शिरीष त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या पश्चिमेला. घर घेतलं तेव्हापासूनचा. सिस्टर नेहमी सांगायच्या की रात्रपाळी करून आलेल्या बाईला भर दुपारी झोप लागली ती या झाडाच्या जिवावर. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्याने तक्रार केली होती की याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, पाचोळा पडतो, पाडून टाका. तेव्हा शेंडेच मध्ये पडला होता. शेजाऱ्याशी चार तास वाद घातला, दोन फांद्या काढल्या आणि झाड वाचवलं. तेव्हापासून सिस्टरचा त्याच्यावर आंधळा विश्वास. डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठ्या दोनदा तपासणारी ती बाई, शेंडेने सांगितलं की प्रश्न विचारायची नाही.

शिरीष उन्हाळ्यात उघडाबोडका होतोच. पानं गळतात, नुसत्या शेंगा लटकत राहतात आणि मग ऐन उन्हात नवी पालवी येते. त्या वर्षी आली नाही. लागोपाठ दोन वर्षं पाऊस ओढ देऊन गेला होता. आसपासचे शिरीष हिरवे झाले, सिस्टरचा तसाच उभा. त्यांनी आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली आणि शेंडेला बोलावलं.

तो गेला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सिस्टर झाडाच्या पश्चिमेला उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून वर बघत.

“नीट बघ रे बाबा,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस मला झोप नाही. वरपर्यंत जाऊन बघणार ना?”

“बघतो,” शेंडे म्हणाला.

त्याने शिडी लावली. शिडी पोचत होती पश्चिमेच्या सगळ्यात खालच्या फांदीपर्यंत. तिथे त्याने चाकू लावला. तपकिरी, कोरडं. खाली उतरून बुंध्याला चाकू लावला, पश्चिमेकडून. तिथेही साल सुटून हातात आली. पश्चिमेची साल उन्हाने भाजते, हे वस्तीतल्या लहान मुलांनाही त्यानेच शिकवलं होतं. आता फेरी मारून पूर्वेला जायचं आणि तिथे चाकू लावायचा. चार पावलं. शेंडे चार पावलं गेला नाही.

का गेला नाही हे त्याला त्या क्षणी कळलं नव्हतं असं म्हणता येत नाही. पूर्वेला हिरवं निघालं असतं तर वर चढणं आलं असतं. कुठली फांदी मेली, कुठली जगली, हे वर गेल्याशिवाय सांगता येत नाही. सिस्टर समोर उभ्या. पिल्लं म्हणावीत तर घरटं लपायला झाडावर एक पान नाही. गुडघा म्हणावा तर आत्ताच शिडी चढून उतरला.

“सिस्टर,” तो म्हणाला, “गेलंय झाड.”

सिस्टरनी काही विचारलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बरं. तू म्हणतोस म्हणजे गेलंय.”

तिसऱ्या दिवशी करवतवाला आला. सिस्टरना बघवेना म्हणून त्या आत जाऊन बसल्या होत्या. करवतवाला दोर बांधून सरसर वर गेला आणि शेंडे खाली उभा राहिला. पहिली वरची फांदी कापायला घेतली. मेलेलं लाकूड कापलं की भुसा पिठासारखा उडतो. हा उडाला नाही. ओला, जड, गोळ्यागोळ्यांनी शेंडेच्या पायाशी पडायला लागला. करवतवाल्याने मशीन बंद केलं, दोनदा शिंकला आणि वरून हाक मारली, “काका, हे ओलं लागतंय हो. वर तर पालवीचे डोळे फुगलेत. थांबू का?”

मशीन बंद होतं, त्यामुळे आजूबाजूला एकदम शांत झालं होतं. एकच फांदी गेली होती. ‘थांब’ एवढं म्हणायचं होतं. मग सिस्टरना बोलवायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं, आणि का चुकलं तेही सांगायचं होतं. करवतवाल्यासमोर.

“कापत राहा,” तो म्हणाला. “आत पाणी साठलंय. पोकळ झालंय ते.”

करवतवाल्याने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. चार वाजेपर्यंत झाड खाली आलं. बुंधा गुडघ्याएवढा ठेवला, सिस्टरनीच तसं सांगितलं होतं. खोड आतून पोकळ बिकळ काही नव्हतं. तांबूस काळपट गाभा आणि त्याच्याभोवती पांढरं, ओलं कडं. शेंडेने मूठमूठ भुसा बुंध्यावर टाकून ते झाकलं. सिस्टर चहा घेऊन बाहेर आल्या. त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यालाच समजावू लागल्या, “तू मनाला लावून घेऊ नकोस. बावीस वर्षं टिकवलंस तू त्याला. दुसरा कोणी असता तर तेव्हाच गेलं असतं.”

शेंडेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चहा घेतला. सगळा प्यायला, कारण भरला कप परत द्यायचा म्हणजे बोलावं लागलं असतं.

नंतरच्या आठवड्यात सिस्टरच्या खोलीत दुपारचं ऊन सरळ पलंगावर यायला लागलं. त्यांनी खिडकीला ओली चादर बांधली. मग पलंग स्वयंपाकघरात हलवला. शेंडे येता-जाता फाटकातून ती चादर बघायचा आणि मान खाली घालून पुढे व्हायचा. पुढे पुढे त्याने रस्ताच बदलला.

पण रस्ता बदलून सुटका नव्हती. शिरीष जिवंत कापला की बुंध्यातून कोंब फुटतात. फुटतातच. मुळं भरलेली असतात, त्यांना वर काही नाही हे कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात फुटणार, हे शेंडेला हिशेबाने ठाऊक होतं. सिस्टरना ते दिसले की त्या विचारणार, मेलेल्या झाडाला कोंब कसे? आणि ती बाई मूर्ख नव्हती. म्हणून तिसऱ्या आठवड्यात तो डबा आणि ब्रश घेऊन हजर झाला.

“बुंध्याला वाळवी लागू नये म्हणून औषध मारतो,” तो म्हणाला.

सिस्टर म्हणाल्या, “किती रे करशील माझ्यासाठी,” आणि आत गेल्या.

पाच कोंब होते. सालीतून नुकते बाहेर आलेले, पोपटी, एवढे मऊ की अंगठा फिरवला की गळून पडावेत. त्याने अंगठा फिरवला. पाचही गळाले. त्याने ते खिशात घातले, कारण तिथे टाकले असते तर दिसले असते. ज्या माणसाने आयुष्यभर झाडाला खिळा ठोकणाऱ्यांच्या अंगावर धावून जायचं काम केलं, तो एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात उकिडवा बसून कोंब खुडून खिशात भरत होता. घरी जाताना त्याने ते गटारात टाकले आणि कुणी पाहिलं का म्हणून मागे वळून बघितलं.

पुढच्या आठवड्यात परत फुटले. त्याने परत खुडले. असं चार वेळा झालं.

बायकोच्या लक्षात आलं. ती कपडे धूत होती, संध्याकाळी, मोरीत. तो पाय धुवायला आला तर म्हणाली, “अहो, खिशात हे हिरवे डाग कसले? चौथ्यांदा बघतेय.”

“कसले म्हणजे? झाडांचं काम करतो मी. डाग पडणारच.”

“झाडांचे डाग मला शिकवू नका. तीस वर्षं तुमच्या शर्टांच्या छातीवर साल घासलेली असायची, ब्रश मारून मारून माझे हात गेले. दोन वर्षांत एकाही शर्टाला साल लागलेली नाही. तुम्ही चढत नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलंय. मी म्हटलं, सांगतील कधीतरी.” तिने शर्ट पिळला. “पण खिशात हिरवं कुठून येतंय ते कळत नाही.”

शेंडे मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. चिंचेपासून. शेवटी बायको एवढंच म्हणाली, “मला सांगून काय होणार आहे? ती बाई स्वयंपाकघरात झोपतेय.”

त्याने ठरवलं की उद्या जायचं. उद्या गेला नाही. परवाही गेला नाही. दहा दिवस त्याने असे काढले. कोंब खुडायलाही गेला नाही आणि सांगायलाही गेला नाही. अकराव्या दिवशी सिस्टरचाच फोन आला.

“अरे, तुला एक गंमत सांगायची होती,” त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “आपल्या बुंध्याला कोंब येतायत. आधी पण येऊन गेले असणार, कारण सालीवर बारीक बारीक वण आहेत. काहीतरी येऊन खातंय बघ. बकरी असेल नाहीतर खार. आता मी पहाराच देतेय. तू येताना जाळी घेऊन ये, आपण कुंपण करू. आणि मला सांग, मेलेल्या झाडाला कोंब येतात का रे?”

“कधी कधी मुळांत थोडा जीव राहतो,” शेंडे म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. एवढं होऊनही जीभ खोटंच बोलली.

दुसऱ्या दिवशी तो जाळीचं भेंडोळं खांद्यावर टाकून गेला. दुपारचे साडेतीन झाले होते. सिस्टर अंगणात बुंध्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात छत्री, डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर एक काठी. चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. बुंध्यावर चांगले बोटभर कोंब होते, दहा-बारा तरी, काहींना पानंही सुटलेली.

“आलास? ये,” त्या म्हणाल्या. “हा चौथा दिवस माझा. काल उठताना चक्कर आली, भिंतीला धरून आत गेले. पण एक फायदा झाला, एकही कोंब गेला नाही. बकरी नाही, खार नाही, कोणी फिरकलंच नाही.”

शेंडेने जाळी खाली ठेवली.

“कोणी येणार नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “मी खुडत होतो.”

सिस्टरना आधी ते कळलंच नाही. त्या हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. “का?”

“झाड जिवंत होतं. मी चार बाजूंनी बघितलं नाही. एकाच बाजूने बघितलं आणि गेलं म्हणून सांगितलं. कोंब दिसले असते तर तुम्हाला कळलं असतं.” एकदा सुरू झाल्यावर तो थांबला नाही. “कापताना पण कळलं होतं. पहिल्याच फांदीला. करवतवाला थांबू का म्हणून विचारत होता. मीच कापत राहा म्हटलं.”

सिस्टरनी मांडीवरची काठी खाली ठेवली.

“वर का गेला नाहीस?”

“भीती वाटते. दोन वर्षं झाली, मला वर जाता येत नाही. कुणाला सांगितलं नाही.”

सिस्टर बोलल्या ते त्याच्याकडे न बघता, बुंध्याकडे बघत.

“त्या दिवशी मी तुला विचारणार होते की बाबा, वर न जाताच कसं सांगतोस? माणूस गेला म्हणायच्या आधी आम्ही मनगट बघायचो, गळा बघायचो, छातीला कान लावायचो, आणि तरीही डॉक्टर येईपर्यंत तोंडावर चादर ओढायचो नाही. विचारायला तोंड उघडलंही होतं. मग मनात आलं, हा शेंडे आहे. कारण नसताना शेंड्यापर्यंत जाणारा माणूस. तो वर जात नाही, म्हणजे वर बघण्यासारखं काही उरलंच नसणार. तेवढ्यावरून मी हो म्हटलं.” त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. “तू दुसरं काही केलं असतंस तर मी विचारलं असतं. तू चढला नाहीस, म्हणूनच माझी खात्री पटली.”

शेंडेला वाटलं, यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटली.

“भीती वाटते एवढंच म्हणायचं होतं रे,” सिस्टर म्हणाल्या. “मी तुला खुर्ची दिली असती, आणि दुसऱ्या कुणाला तरी वर पाठवलं असतं. तू खाली बसून त्याला सांगितलं असतंस कुठे चाकू लावायचा. एवढंच होतं ते.”

ऊन उतरायला लागलं होतं, पण अंगणात त्याला अडवायला काही नव्हतं. ते दोघांच्याही अंगावर सारखं पडत होतं.

“आता याचं काय करायचं?” सिस्टरनी कोंबांकडे बोट केलं. आवाज वॉर्डातला झाला होता. “सगळे असेच ठेवायचे का?”

“नाही,” शेंडे म्हणाला. “सगळे ठेवले तर नुसतं झुडूप होईल. जमिनीजवळून, दणकट सालीतून आलेले तीन ठेवायचे. वरच्या कापाच्या कडेचे काढून टाकायचे, ते पुढे वाऱ्याने फाटतात. पुढच्या वर्षी तिघांतला एक राखायचा. पंधरा वर्षांत खोलीवर सावली येईल.” पंधरा वर्षं म्हणताना त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. मग सवयीने तो खाली वाकला आणि त्याचा हात बुंध्याकडे गेला.

“हात लावू नकोस,” सिस्टर म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांनी छत्री मिटून खुर्चीला टेकवली, गुडघे धरत धरत बुंध्याजवळ बसल्या आणि चष्मा वर ढकलला. “तू लांबून दाखव. मी काढते.”

शेंडेने दोन पावलं मागे उभं राहून बोट केलं.

“हा?” सिस्टर विचारायच्या.

“त्याच्या शेजारचा.”

“हा?”

“हो.”

प्रत्येक कोंब त्या दोन बोटांत धरून मुळाशी मोडत होत्या आणि पदरात ठेवत होत्या. साल एकदाही ओरबाडली गेली नाही. नऊ कोंब निघाले. नऊ वेळा शेंडेला बोट करून सांगावं लागलं की हा काढा. तीन राहिले. सिस्टरनी त्यांच्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि उठायला गेल्या. उठवेना. शेंडे पटकन पुढे झाला आणि त्याने हात दिला. सिस्टरनी बुंध्याच्या कडेला धरलं, एकदा दम घेतला आणि आपल्या आपण उभ्या राहिल्या.

शेंडेने जाळीचं भेंडोळं सोडायला घेतलं. खुंट कुठे ठोकायचे ते तो बघू लागला.

“जाळी ठेवून जा,” सिस्टर म्हणाल्या. “लावून घेईन मी कुणाकडून तरी.”